४२९४९६७२९५ : बत्तीस एकांची संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. आकड्यांत लिहिली तर ४२९४९६७२९५. या संख्येकडे नुसतं पाहून लक्षात राहण्यासारखं काहीच दिसत नाही. शेवटी ५ आहे, म्हणजे ५ नं भाग जाणार. अंकांची बेरीज ५७ येते, म्हणजे ३ नं भाग जाईल, ९ नं जाणार नाही. ५ वर संपणारी वर्गसंख्या नेहमी २५ वर संपते आणि ही ९५ वर संपते, म्हणजे ही पूर्ण वर्ग नाही. शाळेत शिकलेल्या कसोट्या एवढ्यावर आटोपतात.

पण हीच संख्या कंपास आणि पट्टीनं काढता येणाऱ्या, आजवर माहीत असलेल्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांच्या प्रश्नात सर्वांत मोठी म्हणून उभी राहते. हीच संगणकाच्या आत बत्तीस बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ ठेवणाऱ्या बत्तीस घरांच्या, खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. आणि हिचे विभाजक एका प्रसिद्ध त्रिकोणात, चढत्या क्रमानं, ओळीनं मांडून ठेवलेले सापडतात. या तीन गोष्टींचा आपसात काही संबंध असेल असं वाटत नाही. संबंध आहे, आणि तो शाळेतल्या एका सूत्रातून निघतो.

आधी तिचा खरा चेहरा पाहू. २ ला २ नं गुणत राहा: २, ४, ८, १६, ३२… असा २ बत्तीस वेळा घेऊन गुणला की ४२९४९६७२९६ मिळतात. आपली संख्या त्याहून एकनं कमी. दशमान पद्धतीत १०००० मधून १ वजा केला की ९९९९ उरतात, सगळे अंक सर्वांत मोठे. द्विमान पद्धतीत ० आणि १ हे दोनच अंक असतात, त्यामुळे तिथे सर्वांत मोठा अंक १. एकावर बत्तीस शून्यं, त्यातून १ वजा: उरतात ओळीनं बत्तीस एक. दशमानात ओबडधोबड दिसणारी ही संख्या द्विमानात एका साच्यातून काढल्यासारखी दिसते. एखादी संख्या कोणत्या पद्धतीत लिहिली यावर तिचे गुणधर्म ठरत नाहीत, पण ते आपल्याला दिसतात की नाही हे मात्र बरंचसं त्यावर ठरतं.

आता अवयव पाडू. त्यासाठी एकदाही भागाकार करावा लागत नाही. ९९९९ घ्या. हे ९९ × १०१ आहेत. आणि ९९ म्हणजे ९ × ११. कारण तेच जुनं सूत्र: अ-वर्ग वजा ब-वर्ग म्हणजे (अ − ब) गुणिले (अ + ब). १०००० हा १०० चा वर्ग, म्हणून १०००० − १ = (१०० − १)(१०० + १). पुढे १०० हा १० चा वर्ग, म्हणून १०० − १ = (१० − १)(१० + १).

आपल्या संख्येत हेच पाच वेळा करता येतं. २ चा ३२वा घात हा २ च्या १६व्या घाताचा, म्हणजे ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणून आपली संख्या = ६५५३५ × ६५५३७. त्यातला ६५५३६ हा २५६ चा वर्ग, म्हणून ६५५३५ = २५५ × २५७. २५६ हा १६ चा वर्ग, म्हणून २५५ = १५ × १७. १६ हा ४ चा वर्ग, म्हणून १५ = ३ × ५. आणि ४ हा २ चा वर्ग, म्हणून ३ = १ × ३. ३२ हा घातांक स्वतःच दोनाचा घात असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा अर्धा होत शेवटी १ पर्यंत पोचतो, आणि प्रत्येक पायरीवर एक नवा अवयव गळून पडतो:

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

सूत्रानं एवढंच सांगितलं होतं की हे पाच तुकडे पडतील. हे पाचही तुकडे मूळ संख्या असतील, असं त्या सूत्रात कुठेही म्हटलेलं नाही. तरी ते आहेत. ३, ५, १७ उघडच आहेत, २५७ तपासायला फार वेळ लागत नाही. ६५५३७ साठी एरवी २५६ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ५४ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण अठराव्या शतकातल्या लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं सिद्ध केलं की हिचा कोणताही मूळ विभाजक ३२ च्या पटीपेक्षा एकनं जास्तच असला पाहिजे. २५६ च्या आत अशा मूळ संख्या दोनच: ९७ आणि १९३. पहिलीनं भागलं तर बाकी ६२, दुसरीनं भागलं तर बाकी ११०. संपलं, ६५५३७ मूळ आहे.

या पाच संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. दोनाचा घात घ्यायचा, घातांकही दोनाचाच घात ठेवायचा, म्हणजे १, २, ४, ८, १६, आणि वर १ मिळवायचा. घातांकावर ही अट का, तेही पाहून घेऊ. घातांकाला १ सोडून दुसरा कोणताही विषम विभाजक असला, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. २ चा सहावा घात अधिक १ म्हणजे ६५, त्याला ५ नं भाग जातो. २ चा तिसरा घात अधिक १ म्हणजे ९, त्याला ३ नं. म्हणून “दोनाचा घात अधिक एक” या रूपातली मूळ संख्या शोधायची, तर घातांक दोनाचा घातच ठेवावा लागतो.

फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मानं १६४० च्या सुमारास या संख्या पाहिल्या. पहिल्या पाचही मूळ निघाल्या, तेव्हा पुढच्या सगळ्याही मूळच असणार अशी त्याची खात्री पटली. सहावी संख्या आहे ४२९४९६७२९७. आपल्या संख्येपेक्षा फक्त दोननं मोठी! १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवून दिलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. फर्माचा अंदाज पहिल्याच पुढच्या पावलावर कोसळला.

६४१ नं भाग जातो हे तुम्ही कागदावर गुणाकार करून पडताळू शकता, पण मोठा गुणाकार न करता पाहायची एक युक्ती आहे आणि ती फार देखणी आहे. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ६४१ नं भागताना ५ × १२८ हा −१ सारखा वागतो. त्याचा चौथा घात घेतला तर +१ मिळणार. ५ चा चौथा घात ६२५, आणि १२८ म्हणजे २ चा सातवा घात, त्याचा चौथा घात म्हणजे २ चा २८वा घात. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात हा १ सारखा वागतो. आता दुसरं रूप: ६२५ म्हणजे ६४१ − १६, म्हणून ६२५ हा −१६ सारखा वागतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तो २८व्या घाताशी गुणला की ३२वा घात होतो. म्हणजे उणे २ चा ३२वा घात हा १ सारखा वागतो. दुसऱ्या शब्दांत, २ चा ३२वा घात अधिक १, याला ६४१ नं निःशेष भाग जातो.

सहावी फर्मा संख्या आपल्या संख्येहून दोननं मोठी आहे, यालाही अर्थ आहे. आपली संख्या म्हणजे पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार. सहावीत आणि पहिल्या पाचांपैकी कुणातही एखादा सामाईक विभाजक असता, तर त्यानं दोन्हींमधल्या फरकाला, म्हणजे २ ला भागलं असतं. पण या सगळ्या संख्या विषम आहेत. म्हणून सामाईक विभाजक १ शिवाय नाही. हाच युक्तिवाद पुढच्या प्रत्येक फर्मा संख्येला लागू पडतो. प्रत्येक फर्मा संख्या आपल्यासोबत आधी न आलेली निदान एक मूळ संख्या घेऊन येते, आणि फर्मा संख्या अनंत आहेत, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. युक्लिडच्या सिद्धतेनंतर दोन हजार वर्षांनी ख्रिस्तियान गोल्डबाखनं ऑयलरला लिहिलेल्या पत्रात ही वेगळी वाट दाखवली.

आता विभाजकांकडे वळू. पाच वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ विभाजक. बत्तीस एकांच्या संख्येचे बत्तीस विभाजक. ते लहानापासून मोठ्यापर्यंत असे सुरू होतात: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७, ७७१…

ही यादी बाजूला ठेवा आणि पास्कलचा त्रिकोण काढा. पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या हलायुधाच्या भाष्यात तो मेरुप्रस्तार म्हणून भेटतो, पास्कलच्या कित्येक शतकं आधी. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १, आणि मधली प्रत्येक संख्या वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज. आता त्यात सम संख्येच्या जागी ० आणि विषम संख्येच्या जागी १ लिहा. आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा:

१ म्हणजे १
११ म्हणजे ३
१०१ म्हणजे ५
११११ म्हणजे १५
१०००१ म्हणजे १७
११००११ म्हणजे ५१
१०१०१०१ म्हणजे ८५
११११११११ म्हणजे २५५

पहिल्या बत्तीस ओळी अशा वाचत गेलात तर आपल्या संख्येचे बत्तीसही विभाजक मिळतात, एकही न गळता, एकही जास्तीचा न येता, नेमक्या चढत्या क्रमानं. बत्तिसावी ओळ म्हणजे बत्तीस एक, स्वतः आपली संख्या. मला या संख्येची सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. ओळींना ० पासून क्रमांक द्या. क्रमांक १, २, ४, ८, १६ या ओळींत फक्त दोन टोकांना १ उरतो आणि मधली सगळी शून्यं होतात. टोकांना १ आणि मध्ये शून्यं, म्हणजेच फर्मा संख्या. बाकीच्या ओळी यांच्याच गुणाकारातून बनतात. कोणत्या फर्मा संख्या गुणायच्या, ते ओळीचा क्रमांक सांगतो. सहावी ओळ घ्या: ६ = ४ + २, म्हणून चौथी ओळ गुणिले दुसरी ओळ, १७ × ५ = ८५. सातवी: ७ = ४ + २ + १, म्हणून १७ × ५ × ३ = २५५. या गुणाकारांत कुठेही हातचा येत नाही, म्हणून त्रिकोणातली बिनहातच्याची बेरीज आणि आपला नेहमीचा गुणाकार एकच उत्तर देतात. क्रमांक ३२ ची ओळ म्हणजे ४२९४९६७२९७, जिला ऑयलरनं फोडलं तीच.

विभाजकांच्या बेरजेत फारसं काही नाही. सगळ्यांची मिळून ७३०४६०३३२८ येते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ३००९६३६०३३ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. ८ नं भागल्यावर हिची बाकी ७ येते, त्यामुळे ती तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, चार वर्ग लागतातच. हे शेवटी तीन एक असणाऱ्या कोणत्याही द्विमान संख्येला लागू आहे, हिच्या एकटीचं वैशिष्ट्य नाही.

संगणकातली गोष्ट मात्र हिच्या अवयवांशी थेट जोडलेली आहे. बत्तीस बिटांत ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच्या संख्या मावतात. त्यात १ मिळवला की बत्तीसही एक शून्य होतात आणि पुढचा हातचा ठेवायला जागा नसते, म्हणून उत्तर ० येतं. म्हणूनच ऋण संख्याही ठेवायच्या असतील, तर हेच बत्तीस एक −१ म्हणून वाचले जातात: ज्यात १ मिळवल्यावर ० येतं ती −१. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते बत्तीस बिटांचे असतात. आठ-आठ बिटांचे चार गट पाडून ते लिहितात, म्हणून शेवटचा पत्ता २५५.२५५.२५५.२५५, आणि एकच संख्या म्हणून वाचला तर तो ४२९४९६७२९५. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ऋणचिन्हाविना बत्तीस बिटांत मोजले, तर ही मोजणी जागतिक प्रमाणवेळेनुसार ७ फेब्रुवारी २१०६ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटं १५ सेकंदांनी आपल्या संख्येवर पोचेल, आणि पुढच्या सेकंदाला शून्यावर येईल.

इथवर फक्त “सर्वांत मोठी” एवढाच गुण कामी आला. अवयव कुठे येतात ते पाहायला एक छोटं काम घेऊ: दिलेल्या संख्येत किती बिट १ आहेत ते मोजायचं. एकेक बिट तपासत जाता येतं, पण त्याहून झटपट रीत आहे. आठ बिटांवर करून पाहू. संख्या घ्या १०११०११०. हिच्या जोड्या पाडा: १०, ११, ०१, १०. प्रत्येक जोडीतले एक मोजून त्याच जोडीच्या जागेत लिहा: ०१, १०, ०१, ०१. आता शेजारच्या जोड्यांची बेरीज करून चार-चार बिटांत लिहा: ००११ आणि ००१०, म्हणजे ३ आणि २. शेवटी या दोघांची बेरीज: ५. तीन पावलांत आठ बिट मोजून झाले.

प्रत्येक पावलाला यंत्राला सांगावं लागतं की कोणते बिट ठेवायचे आणि कोणते झाकायचे. त्यासाठी प्रोग्रामर मास्क वापरतात. पहिल्या पावलाचा मास्क ०१०१०१०१, दुसऱ्याचा ००११००११, तिसऱ्याचा ००००११११. दशमानात ८५, ५१ आणि १५. म्हणजे २५५ भागिले ३, २५५ भागिले ५, आणि २५५ भागिले १७.

बत्तीस बिटांना पाच पावलं लागतात आणि पाच मास्क: १४३१६५५७६५, ८५८९९३४५९, २५२६४५१३५, १६७११९३५ आणि ६५५३५. आपल्या संख्येला अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ नं भागल्यावर येणारी ही उत्तरं आहेत. कारण मास्कमध्ये अर्धेच बिट भरलेले असतात. तो योग्य तितक्या घरांनी डावीकडे सरकवून मूळ मास्कमध्ये मिळवला की रिकामे बिटही भरतात आणि सगळे एक होतात. ००११००११ अधिक ११००११०० म्हणजे ११११११११. “स्वतः अधिक स्वतःला दोन घरं सरकवून” म्हणजे १०१ नं गुणणं, म्हणजे ५ नं गुणणं. एक घर सरकवलं तर ३ नं, चार घरं सरकवली तर १७ नं. प्रोग्रामर रोज वापरतात ते हे मास्क आणि फर्मानं पाहिलेल्या त्या मूळ संख्या, एकाच गुणाकाराच्या दोन बाजू आहेत.

राहिला बहुभुज. त्यासाठी आधी एक मोजणी करू. १ पासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे तिच्याशी १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या किती? या मोजणीला ऑयलरचं फाय फलन म्हणतात. मूळ अवयव वेगवेगळे असले की प्रत्येकातून एक वजा करून गुणायचं: २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. हे सगळेच दोनाचे घात. घातांकांची बेरीज १ + २ + ४ + ८ + १६ = ३१. म्हणजे २ चा ३१वा घात, २१४७४८३६४८. आपल्या संख्येत १ मिळवून निम्मे केले की हेच येतं.

आता पुढची संख्या, ४२९४९६७२९६, घ्या. ती नुसता दोनाचा घात, म्हणून तिच्याशी सहमूळ म्हणजे तिच्यापर्यंतच्या सगळ्या विषम संख्या. त्याही नेमक्या निम्म्या, २१४७४८३६४८. दोन लागोपाठच्या संख्या, एकीला पाच मूळ अवयव आणि दुसरीला फक्त २, आणि फाय अगदी सारखं. लहान प्रमाणावर पाहायचं तर १५ आणि १६ घ्या. १५ शी सहमूळ १, २, ४, ७, ८, ११, १३, १४, म्हणजे आठ. १६ शी सहमूळ आठ विषम संख्या.

फाय दोनाचा घात येणं हीच बहुभुजाची किल्ली आहे. कंपास आणि खुणा नसलेली पट्टी, एवढ्यावर काढलेल्या आकृतीत नवे बिंदू रेषा आणि वर्तुळं छेदूनच मिळतात. त्यांची समीकरणं फार तर वर्गसमीकरणं होतात. म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, याच्या पलीकडे या साधनांना जाता येत नाही. सुसम बहुभुजाच्या बाजूंची संख्या दिली की तो काढण्यासाठी जे समीकरण सोडवावं लागतं त्याचा घात फाय इतका असतो. तो दोनाचा घात असेल तर वर्गमूळं घेत घेत तिथवर पोचता येतं. सात बाजूंसाठी फाय ६ आहे, म्हणून सुसम सप्तकोन या साधनांनी निघत नाही. नऊ बाजूंसाठीही ६, म्हणून नवकोनही नाही. म्हणजे तीन ही फर्मा मूळ संख्या चालते, पण दोनदा घेतलेली चालत नाही.

३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रेडरिक गाउसला, वयाची एकोणीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे उमगलं. ग्रीकांनंतर या प्रश्नात दोन हजार वर्षांनी पडलेली ही पहिली भर. १८०१ मध्ये त्यानं सर्वसाधारण अट मांडली: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार हवी. याखेरीज दुसरी कोणतीच विषम संख्या चालणार नाही, याची पूर्ण सिद्धता पिएर वांत्झेलनं १८३७ मध्ये दिली. २५७ बाजूंची रचना फ्रीडरिख युलियस रिशेलोनं १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. ६५५३७ बाजूंसाठी योहान गुस्ताव हर्मेसनं दहा वर्षं खर्च केली, ते काम १८९४ मध्ये पुरं झालं आणि त्याचं हस्तलिखित ग्योटिंगेनमध्ये जपून ठेवलेलं आहे.

फर्मा मूळ संख्या पाचच माहीत आहेत. त्यांतून एक किंवा अधिक निवडून होणारे गुणाकार ३१. म्हणजे काढता येणारे, माहीत असलेले विषम बाजूंचे बहुभुज एकतीसच, आणि ते म्हणजे आपल्या संख्येचे १ सोडून सगळे विभाजक. मघाच्या त्रिकोणातली पहिली ओळ वगळली की हीच यादी. त्यांतला सर्वांत मोठा, ४२९४९६७२९५ बाजूंचा.

तो काढायला पाच मूळ बहुभुज एकमेकांत गुंफावे लागतात. पंधरा बाजूंचा बहुभुज युक्लिडनंच असा काढला आहे. एकाच वर्तुळात त्रिकोण आणि पंचकोन काढा. एका बिंदूपासून वर्तुळाचे दोन पंचमांश पुढे जा, एक तृतीयांश मागे या. २/५ − १/३ = १/१५, म्हणजे पंधरा-कोनाची एक बाजू मिळाली. पुढच्या पायऱ्याही याच घाटाच्या आहेत:

८/१७ − ७/१५ = १/२५५
१२८/२५७ − १२७/२५५ = १/६५५३५
३२७६८/६५५३७ − ३२७६७/६५५३५ = १/४२९४९६७२९५

प्रत्येक ओळ पुन्हा वर्गांच्या वजाबाकीच्या त्याच सूत्रावर उभी आहे. छेद दोनाच्या एकाच घाताच्या अलीकडचे आणि पलीकडचे, अंश त्या घाताचा निम्मा आणि निम्म्यातून एक कमी.

हा बहुभुज किती बारीक असेल? पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढं, सुमारे ४००७५ किलोमीटर परिघाचं वर्तुळ घ्या आणि त्यात तो बसवा. एक बाजू साधारण ९.३ मिलिमीटर भरेल. आणि बाजूचा मध्य वर्तुळापासून जेवढा आत राहील ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असेल. असा बहुभुज कुणी कागदावर काढणार नाही. पण तो काढता येतो हे सिद्ध आहे, आणि त्याहून कितीतरी लहान असलेला सप्तकोन काढता येत नाही हेही तितकंच सिद्ध आहे.

एक गोष्ट उघडी आहे. सहाव्यापासून पुढच्या फर्मा संख्यांपैकी एकही मूळ सापडलेली नाही. घातांक २ चा पाचवा घात असलेल्या संख्येपासून ३२वा घात असलेल्या संख्येपर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे माहीत आहे. त्यांतल्या दोन अशा आहेत की त्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव कुणाच्या हाती लागलेला नाही: घातांक २ चा विसावा आणि २ चा चोविसावा घात असलेल्या. घातांक २ चा ३३वा घात असलेली संख्या मूळ की संयुक्त, हे अजून ठरलेलं नाही. ती दशमानात लिहायची तर अडीच अब्जांहून जास्त अंक लागतील. ती मूळ निघाली तर काढता येणाऱ्या विषम बहुभुजांची यादी ३१ वरून ६३ वर जाईल, आणि सर्वांत मोठ्याच्या बाजूंची संख्या असेल ४२९४९६७२९५ गुणिले ती नवी मूळ संख्या.